अपडेटनंतरची सकाळ

"नेट गेलंय," असा फोन आला की मी आधी विचारते, "सगळं गेलंय की थोडं?" समोरचा माणूस वैतागतो. त्याला वाटतं, ही बाई चेष्टा करतेय. पण माझ्या धंद्यातला हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. सगळं गेलं असेल तर वायर, राउटर नाहीतर रस्ता खणणारे. थोडंच गेलं असेल तर मामला आतला असतो, आणि मग मला चप्पल घालून निघावं लागतं.

मी लालबागला राहते. परळ, दादर, गिरगाव या पट्ट्यात लोकांच्या घरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते. वडील गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, दुरुस्त करायचे, त्यामुळे बिघडलेल्या यंत्रासमोर न घाबरता बसायचं कसं, ते घरात पाहिलेलं होतं. आई मात्र शेवटपर्यंत विचारायची, "गो, तू लोकांच्या घराक जाऊन नेमक्या करतंस तरी काय?" तिला मी सांगायचे, बंद पडलेलं चालू करते. तिला ते पुरायचं. दिवाळी अंकाच्या वाचकांना पुरणार नाही, म्हणून जरा फोड करते.

ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेटची पानं बघतो तो प्रोग्राम. तुम्ही पत्ता लिहिता आणि पान उघडतं, एवढंच तुम्हाला दिसतं. मध्ये काय घडतं ते ऐका. ब्राउझर आधी त्या नावाचा नंबर शोधून काढतो. मग त्या नंबरच्या यंत्राला हाक मारतो. पलीकडून ओ येते. हा विचारतो, तू तोच कशावरून? पलीकडचा ओळखपत्र पुढे करतो. त्यावर कुणाची तरी सही असते, मुदत असते. ती सही खरी आहे ना, मुदत उलटली नाही ना, हे हा बघतो. मग दोघं मिळून एक सांकेतिक भाषा ठरवतात, वाटेत कुणी कान लावला तरी त्याला काही कळू नये अशी. एवढं सगळं झाल्यावर पहिलं अक्षर तुमच्या पडद्यावर येतं. पलीकडचं यंत्र कधी समुद्रापार असतं, हाक समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेतून जाते, आणि तुमची पापणी लवायच्या आत उत्तर घेऊन परत येते. इतकी वर्षं झाली या धंद्यात, पण मला अजून याची सवय झालेली नाही. कधी कधी गिऱ्हाइकाचं काम झाल्यावर मी उगाच एखादं दूरदेशीचं पान उघडते आणि बघत राहते.

एवढ्या पायऱ्या असल्या की अडायच्या जागाही तेवढ्याच. फणसवाडीत एक गृहस्थ आहेत, परदेशातल्या मुलांना ऑनलाइन पेटी शिकवतात. एका सकाळी त्यांच्याकडे एकही साइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी इशारा: ही जागा सुरक्षित नाही. मी कोपऱ्यातली तारीख पाहिली. आतली छोटी बॅटरी संपली होती आणि घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. त्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने जगातल्या सगळ्या ओळखपत्रांची मुदत अजून सुरूच व्हायची होती, म्हणून तो कुणालाच ओळख देत नव्हता. मी त्यांना म्हटलं, "याच्या दृष्टीने तुमचं लग्नसुद्धा अजून झालेलं नाही." आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मग राहू द्या तसंच." बॅटरी बदलली, तारीख लावली, पेटी सुरू झाली. अशा कामांवर माझं बरं चाललंय.

पण हे लिहायला बसले ते सुमतीबाईंच्या घरातल्या एका सकाळसाठी.

सुमतीबाई डॉक्टर आहेत, परळला राहतात. आयुष्य पॅथॉलॉजीत गेलं. म्हणजे पेशंट त्यांना दिसत नाही, पेशंटचा तुकडा दिसतो. शरीरातून काढलेला गाठीचा तुकडा भिंगाखाली बघायचा आणि तो कर्करोगाचा आहे की नाही ते सांगायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरून एक काम घेतलं. कोकणात एक छोटं रुग्णालय आहे. तिथे ऑपरेशनं होतात, पण पॅथॉलॉजिस्ट नाही. तेव्हा असं ठरलं की पेशंट टेबलावर असतानाच तुकडा काढायचा, गोठवायचा, त्याचे कागदाहून पातळ काप करून काचेवर रंगवायचे, आणि एका यंत्राने त्याचा भलामोठा फोटो काढून नेटवर चढवायचा. तो फोटो परळच्या घरी बसून सुमतीबाई बघतात आणि फोनवर सांगतात. तोवर सर्जन हात थांबवून उभा असतो. पुढे किती कापायचं, ते बाईंच्या शब्दावर.

ही सोय बसवली तेव्हा रुग्णालयाच्या माणसाबरोबर मीही होते. पेशंटची माहिती कुणाच्याही हाती लागू नये म्हणून त्यांनी एक खास ओळखपत्राची फाईल बाईंच्या ब्राउझरमध्ये घातली होती. त्या एकाच ब्राउझरमधून रुग्णालयाचं दार उघडतं. दुसऱ्या कुठूनही नाही.

त्या सकाळी बाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखा सपाट. "नीला, ब्राउझर काहीच उघडत नाहीये. येऊ शकशील का? पेशंट टेबलावर घेतलाय."

मी विचारलं, "सगळं गेलंय की थोडं?"

"मेल येतायत. ब्राउझरमध्ये मात्र एक पान उघडत नाही."

मी हातातलं काम टाकून निघाले. लालबागहून परळ चालत जवळच, पण त्या दिवशी उड्डाणपुलाखालचा रस्ता संपता संपेना. वाटेत मनात यादी चालू होती: मेल येतायत म्हणजे नेट आहे. एकाच प्रोग्रामचं काहीतरी बिनसलंय.

दार वसंतकाकांनी उघडलं. बाईंचे यजमान, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, अतिशय टापटीप माणूस. नेहमी मला आधी पाणी, मग चहा, मग चौकशी. त्या दिवशी नुसते बाजूला झाले.

बाई टेबलापाशी बसल्या होत्या. पडद्यावर एवढंच वाक्य होतं: जोडणी होऊ शकत नाही. मी खुर्ची ओढली. कोपऱ्यात बारीक अक्षरात दिसत होतं, ब्राउझर रात्रीतून अपडेट झाला होता. म्हणजे काल वेगळा, आज वेगळा. मी दुसरा ब्राउझर उघडला, त्यात बातम्यांचं पान झटक्यात आलं. त्यातून रुग्णालयाचा पत्ता टाकला. दारावरच उत्तर: ओळखपत्र दाखवा. ते त्याच्याकडे नव्हतं.

"ती फाईल इकडे नाही आणता येणार?" बाईंनी विचारलं.

"तिचा पासवर्ड रुग्णालयाच्या त्या माणसाकडे आहे. फोन लावते."

लावला. तो लागेना. मी तारीख पाहिली, बरोबर होती. ब्राउझरची हाक वाटेत दुसऱ्या यंत्राकडे वळवणारी सेटिंग पाहिली, तीही जिथल्या तिथे. साठवलेला कचरा पुसला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तेच वाक्य.

एवढ्यात बाईंचा मोबाइल वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला. पलीकडे सर्जन, आवाजावरून तरुण. "मॅडम, काप तयार आहेत. फोटो चढवलाय. दिसतोय का?"

"नाही दिसत अजून. माझ्याकडे अडचण आहे. तुझ्या तंत्रज्ञाला सांग, भिंगावर मोबाइल धरून दोन-तीन फोटो पाठव."

फोटो आले. बाईंनी ते बोटांनी मोठे करून पाहिले, चष्मा काढून पाहिले, पुन्हा घालून पाहिले. मग म्हणाल्या, "बहुतेक सगळं चांगलं दिसतंय. पण एका कडेला काहीतरी गडद आहे. तो रंग साचलाय की पेशी दाटल्यात, हे मोबाइलवर नाही कळत. मी यावर हो-नाही देणार नाही."

"मॅडम, थांबू किती?"

"भूलतज्ज्ञ काय म्हणतायत?"

"त्यांना उशीर नकोय. तिच्या हृदयाचं तुम्हाला माहीत आहे."

फोन ठेवल्यावर मी बाईंकडे पाहिलं. एरवी त्या पेशंटबद्दल चकार शब्द काढत नाहीत. त्या दिवशी बोलल्या, बहुतेक मला कळावं म्हणून. "मुलगी पंचविशीतली आहे. बीजकोशात गाठ. एक बाजू आधीच्या ऑपरेशनमध्ये गेलेली, ही उरलेली. हृदय कमजोर, परत भूल द्यायला कुणी तयार नाही. म्हणजे जे ठरायचं ते आज. गाठ साधी असेल तर नुसती सोलून काढायची, बाकी सगळं राहील. नसेल तर सगळंच काढावं लागेल, आणि मग मूल नाही."

"आणि तुम्ही सांगू शकला नाहीत तर?"

"तर त्याला अंदाजाने ठरवावं लागेल," बाई म्हणाल्या.

मी असल्या खोलीत कधी बसले नव्हते. माझ्याकडची संकटं म्हणजे कुणाची शिकवणी, कुणाचं तिकीट, कुणाच्या नातवाचा वाढदिवस. मी परत एकदा तीच सेटिंग उघडली, जी आधीच पाहून झाली होती. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि अगदी वर्गात शिकवताना विचारावं तसं म्हणाल्या, "नीला, ब्राउझर आजारी आहे असं धर. काल बरा होता. रात्रीतून काय बदललं?"

"अपडेट झाला."

"अपडेट तर सगळ्यांकडेच झालं असेल. सगळ्यांचे बंद पडले का?"

"नाही. तसं असतं तर सकाळपासून माझा फोन वाजत राहिला असता."

"मग अपडेट एकटं कारण नाही. या घरात आणखी काहीतरी घडलंय. आम्ही अशा वेळी घरच्या माणसाला विचारायचो."

त्या बोलत होत्या माझ्याशी, पण बघत होत्या दाराकडे. दारात वसंतकाका उभे होते. मीही वळले.

"काका, सकाळी कॉम्प्युटर कोणी लावला?"

"मीच. रोज मीच लावतो, ही आंघोळीला गेली की. पेपर वाचतो थोडा."

"आज वाचलात?"

"नाही ना. उघडलाच नाही."

"त्याआधी काही विचारलं त्याने? एखादी चौकट आली?"

"आली होती. मोठी, तांबडी कड असलेली. काहीतरी बदललंय, बाहेर जाऊ देऊ का, असं होतं. मी नाही म्हटलं. तूच सांगून ठेवलंयस, अनोळखी चौकट आली की नाही म्हणायचं."

सांगितलं होतं खरं. प्रत्येक घरात सांगते. आणि खाली 'हे उत्तर लक्षात ठेव' अशी खूण असते, तीही काकांच्या टापटिपीला धरून केलेली असणार.

आता इथे थोडं समजावते. कॉम्प्युटरमध्ये एक राखणदार प्रोग्राम असतो. आतला कुठला प्रोग्राम बाहेर बोलतोय यावर त्याचं लक्ष. तो नावावर विश्वास ठेवत नाही, कारण नाव कुणीही लावेल. प्रत्येक प्रोग्रामचा आतून एक ठसा काढून ठेवतो, आपल्या बोटांच्या ठशासारखा. अपडेट झालं की आतलं बरंच बदलतं आणि ठसाही बदलतो. चित्र तेच, नाव तेच, पण राखणदाराला हा माणूस नवा. बहुतेक वेळा तो स्वतःच चौकशी करून घेतो. कधी कधी मालकाला विचारतो. मालक नाही म्हणाला की विषय संपला. ब्राउझर बापडा आत बसून हाका मारत राहतो आणि एकही हाक उंबऱ्याबाहेर पडत नाही. त्याला वाटतं जगच बंद आहे. तसंच तो पडद्यावर सांगतो.

मी राखणदाराची यादी उघडली. आमचा ब्राउझर तिथे दोनदा होता. जुना, परवानगी असलेला. नवा, तांबडी फुली मारलेला.

"सापडलं," मी म्हटलं.

"राखणदारच बंद करून टाक ना थोडा वेळ," काका म्हणाले.

"नको काका. यातून लोकांच्या शरीरातली माहिती जाते. दार सताड उघडं नको."

दोन्ही नोंदी काढून टाकल्या. ब्राउझर पूर्ण बंद केला, पुन्हा उघडला. तीच तांबडी चौकट आली. यावेळी मी घाई केली नाही. प्रोग्राम खरोखर बनवणाऱ्याचाच आहे ना, त्यावर त्यांचीच सही आहे ना, हे वाचलं. मग परवानगी दिली.

काही क्षण पांढरा पडदा. मग पान आलं. रुग्णालयाच्या दाराने ओळखपत्र मागितलं, ब्राउझरने दाखवलं, दार उघडलं. मी उठले आणि बाई माझ्या जागी बसल्या.

मी त्या कापाबद्दल ऐकलं होतं, पण पाहिला नव्हता. आधी पडद्यावर नुसता एक गुलाबी डाग आला, जास्वंदीची पाकळी ओल्या फरशीवर चिकटावी तसा. बाईंनी माउसचं चाक फिरवलं आणि डाग मोठा झाला. त्यात वळणं दिसायला लागली, नदीच्या खाडीसारखी. आणखी फिरवलं, वळणांच्या काठाने जांभळे ठिपके रांगेत उभे राहिले. आणखी फिरवलं, आणि प्रत्येक ठिपक्याला कड आली, आत बारीक दाणे आले, एकेक पेशी वेगळी दिसू लागली. इतकं आत जाऊनही चित्र फुटत नव्हतं. जेवढं विचाराल तेवढं कोकणातून येत होतं, तुकड्या-तुकड्याने, प्रत्येक तुकडा ओळख दाखवून, कुलूप लावून, उघडून. हे माझं रोजचं काम, तरी मी श्वास धरून उभी होते.

बाई पडद्याजवळ झुकल्या. त्यांचा हात सावकाश फिरत होता, शेतात पाणी सोडणारा माणूस बांधाबांधाने बघत जातो तसा. चांगल्या भागावरूनसुद्धा त्या भरभर गेल्या नाहीत. मग कडेला, जिथे ते गडद होतं, तिथे थांबल्या. आत गेल्या. बाहेर आल्या. परत आत गेल्या. मला तिथे नुसती दाटी दिसत होती. काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते.

शेवटी त्यांनी फोन उचलला.

"ऐक. गाठ साधी आहे. कडेला गडद दिसतंय ती घडी आहे. काप काचेवर ठेवताना दुमडला गेलाय, म्हणून दोन थर एकावर एक आलेत. पेशी सगळ्या नीट आहेत, एकीचंही वागणं वावगं नाही. सोलून काढ आणि बंद कर. बाकी कशाला हात लावू नकोस."

"नक्की मॅडम?"

"नक्की. लेखी पाठवते. पक्का अहवाल नेहमीप्रमाणे नंतर."

"थँक यू, मॅडम." मागे कुणीतरी काहीतरी म्हणालं, धातूचं काहीतरी वाजलं आणि फोन बंद झाला.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून बसल्या.

काकांनी चहा केला. कपात ओतताना बशीत बराच सांडला, ते त्यांच्या स्वभावात नाही. मला म्हणाले, "मग आता चौकट आली की काय म्हणायचं मी?"

"काही म्हणू नका. मला फोन करा."

"रोज?"

"रोज."

तेव्हा कुठे ते हसले.

मी चहा पीत होते तेव्हा बाई म्हणाल्या, "बघायचंय? ये, बस." मला त्यांनी खुर्चीत बसवलं, माउस हातात दिला. ज्या माउसची तार मी कितीदा बदलली असेन, तो धरायला मला संकोच वाटला. मी चाक फिरवलं. खाडी, काठ, जांभळी रांग. बाईंनी मागून बोट दाखवलं, "ही बघ घडी. आणि ह्या पेशी. किती शांत आहेत."

"तुम्हाला तिचं नाव ठाऊक आहे?" मी विचारलं.

"वर लिहिलेलं असतं. मी तो भाग झाकून ठेवते. नाव वाचलं की चेहरा दिसायला लागतो, आणि मला पेशी बघायच्या असतात."

मी खरंच वर पाहिलं. तिथे पडद्यावर बाईंनी बसताना पिवळ्या कागदाची एक चिकटपट्टी लावलेली होती. मी पट्टीला हात लावला नाही.

मला लहानपणी शाळेत भिंगातून कांद्याची साल दाखवली होती. पुढे शास्त्र शिकायचं मनात होतं, पण गिरण्या बंद पडल्यावर घराला लवकर कमावती माणसं हवी होती, आणि मी कॉम्प्युटरचा कोर्स केला. त्याची हळहळ कधीमधी वाटते. त्या दिवशी त्या खुर्चीत बसून ती वाटली आणि गेलीही.

मी चाक उलटं फिरवत परत सावकाश बाहेर आले. पेशींपासून रांगेपर्यंत, रांगेपासून खाडीपर्यंत, खाडीपासून त्या एका गुलाबी डागापर्यंत. तिकडे कोकणात सर्जन आता टाके घालत असेल. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर तिची माणसं बाकावर बसलेली असतील, दार हललं की उठत असतील. त्यांना अजून कुणी काही सांगितलेलं नसणार. आणि ती स्वतः गाढ झोपेत. उद्यापासूनचं तिचं सगळं आयुष्य जागेवर राहिलं होतं, आणि ते तिच्याआधी, तिच्या आईच्याआधी, परळच्या एका घरात चहाचा कप हातात घेतलेल्या मला ठाऊक होतं.